टीव्हीवरचा पाठ साठवायचा कसा? ट्यूनर कार्डापासून पेनड्राइव्हपर्यंत



२० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. शाळा बंद होत्या. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने बालभारतीच्या पुस्तकांवर आधारित पहिली ते आठवीचे पाठ तयार केले होते. एकेका इयत्तेचा साधारण अर्ध्या तासाचा भाग ठरलेल्या वेळेला लागायचा. कार्यक्रम चांगलाच होता. अडचण होती ती टीव्हीच्या स्वभावाची. वर्गात मूल म्हणतं, "बाई, परत सांगा ना," आणि आपण परत सांगतो. टीव्ही परत सांगत नाही.

आमच्या राजगुरुनगर-चाकण भागात तर ही अडचण जास्तच जाणवली. वडील कंपनीत शिफ्टला, घरातला एकुलता मोबाईल त्यांच्या खिशात. घरात टीव्ही एक आणि मुलं तीन. त्यात मधेच लाईट जाणार. वर्गातल्या एका मुलाच्या आईने मला फोनवर विचारलं होतं, "बाई, तो पाठ आमच्या पेनड्राइव्हमधी घालून मिळंल का? संध्याकाळी निवांत दाखवते त्याला." प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधताना तंत्रज्ञानाचा बराच इतिहास समोर येतो. तो आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे, आणि त्यात गणिताचा एक छान पाठही दडलेला आहे. म्हणून हा लेख.

संगणकाच्या आधी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागलं. आपल्याकडची मोठी माणसं अजून सांगतात, पत्र्यावर उंच पाइप, त्यावर अँटेना, तिचं तोंड दक्षिणेला सिंहगडाकडे. वारं सुटलं की एकजण वर चढून पाइप फिरवणार आणि दुसरा दारातून ओरडणार, "आलं, आलं... गेलं!" गेलेलं चित्र परत आणता येत होतं, गेलेला कार्यक्रम मात्र नाही.

१९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि शाळेच्या मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम येऊ लागले. माझ्या वयाच्या अनेकांनी ते पाहिलेत. पण शाळेत टीव्ही असला तरी त्या वेळेला परिपाठ चालू असेल, गुरुजी रजेवर असतील, वीज नसेल, तर तो पाठ त्या वर्गापुरता संपला. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. लहानपणी पाहिलेला त्यातला एखादा पाठ आज वर्गात दाखवावा असं वाटलं, तर माझ्या हाताशी एकही नाही.

जगात तेव्हा घरगुती रेकॉर्डिंगचं यंत्र आलेलं होतं. सोनीचं बेटामॅक्स १९७५ ला, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ ला. अमेरिकेत तर यावरून खटला झाला. नंतर बघण्यासाठी घरी टीव्ही रेकॉर्ड करणं हा गुन्हा नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला, तोही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी. आपल्याकडे मात्र व्हिडिओ म्हणजे गणपतीत रात्रभर तीन पिक्चर. भाड्याने यायचा तो बहुतेक व्हीसीपी, म्हणजे नुसता दाखवणारा. त्याला रेकॉर्डिंगचं बटणच नसायचं! रेकॉर्ड करणारा व्हीसीआर महाग, आणि तो शाळेसाठी घ्यावा असं कोणाला सुचणार?

फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स या बाईंना मात्र सुचलं होतं. त्या पूर्वी ग्रंथपाल होत्या. १९७९ च्या सुमारास त्यांनी घरी टीव्हीवरच्या बातम्या रेकॉर्ड करायला घेतल्या आणि २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत थांबल्या नाहीत. जवळपास ७० हजार टेप जमल्या. त्याउलट बीबीसीसारख्या मोठ्या संस्थेने साठ-सत्तरच्या दशकात आपल्याच कार्यक्रमांच्या टेप पुसून परत वापरल्या. साठवणारा नेहमी मोठाच असतो असं काही नाही.

संगणकाला चित्र पेलत नव्हतं

आता संगणकाकडे येऊ. 'टीव्ही हा पडदा, संगणक हाही पडदा, मग एकाचं दुसऱ्यावर आणायला एवढा वेळ का लागला?' असं चौथी-पाचवीची मुलं हमखास विचारतात. उत्तर फळ्यावर गुणाकार करून दाखवता येतं.

आपल्याकडची टीव्ही पद्धत पाल नावाची होती. तिच्यात सेकंदाला २५ चित्रं येतात. संगणकात घेताना एका चित्राचे आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू धरतात. म्हणजे ४,१४,७२० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २ बाइट धरल्या तर एका चित्राला ८,२९,४४० बाइट. गुणिले २५. एका सेकंदाला २,०७,३६,००० बाइट, म्हणजे दोन कोटींच्या वर. अर्ध्या तासाच्या पाठाचे सेकंद १,८००. पूर्ण गुणाकार मुलांनाच करू द्या. उत्तर ३७ जीबीच्या थोडं वर येतं. ज्या काळात घरच्या संगणकाची हार्ड डिस्क दोन-चार जीबीची असायची, त्या काळात हा एक पाठ ठेवायचा कुठे?

आणि ठेवणं तर पुढचं, आधी चित्र आत यायला वाट हवी. सुरुवातीच्या संगणकांत कार्ड बसवायची जी जागा असायची, तिच्यातून एवढी माहिती जाऊच शकत नव्हती. म्हणून पहिल्या पिढीच्या कार्डांनी एक युक्ती केली. टीव्हीचं चित्र संगणकाच्या आत न नेता मॉनिटरकडे जाणाऱ्या वाटेवरच मिसळून द्यायचं. पडद्यावर टीव्ही दिसायचा, पण संगणकाच्या स्मरणात त्यातलं काहीच नसायचं. खिडकीतून मिरवणूक दिसावी आणि घरात कोणीच आलेलं नसावं, तसं.

ॲपलने १९९३ मध्ये 'मॅकिंटॉश टीव्ही' काढला होता. एकाच खोक्यात टीव्ही आणि संगणक. पण एका वेळी एकच चालायचं, एकतर टीव्ही नाहीतर संगणक. एखादं स्थिर चित्र पकडून ठेवता यायचं, सलग कार्यक्रम नाही. तो फारसा खपला नाही.

खरा बदल दोन गोष्टींनी झाला. एक म्हणजे पीसीआय नावाची रुंद वाट. तिच्यातून सेकंदाला १३ कोटी बाइटपर्यंत माहिती जाऊ शकते. आपल्याला हव्यात दोन कोटी, म्हणजे प्रश्न मिटला. दुसरी म्हणजे ब्रुकट्री कंपनीची बीटी८४८ ही चिप. नव्वदच्या दशकाच्या मध्याला ती आली. अँटेनाकडून आलेल्या लहरींचं आकड्यांत रूपांतर करून ती ते थेट संगणकाच्या मेमरीत टाकायची. ही चिप आणि तिची पुढची आवृत्ती बीटी८७८ घालून कितीतरी कंपन्यांनी कार्डं काढली. हॉपॉज कंपनीची विनटीव्ही त्यातलीच.

ट्यूनर कार्डाचे दिवस

आपल्याकडे ही कार्डं माहीत झाली ती २००० नंतर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा संगणकाच्या दुकानांत पिनॅकल, लीडटेकचं विनफास्ट अशी नावं ऐकू यायची, चिनी बिननावाची तर ढीगभर. दोन हजार रुपयांच्या आसपास साधं कार्ड मिळायचं. डीएड करताना खोलीवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हा मोठाच फायदा वाटायचा, कारण एका मॉनिटरमध्ये दोन कामं व्हायची. मॅचच्या दिवशी ज्याच्या संगणकात कार्ड, त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची.

त्यातही दोन प्रकार होते, आणि दुकानदार ते नीट सांगायचे नाहीत. एक बाहेरचा टीव्ही बॉक्स. तो सीपीयू आणि मॉनिटर यांच्या मधे जोडायचा. सीपीयू बंद असला तरी टीव्ही दिसायचा, वीज कमी लागायची, लावायला सोपा. पण चित्र संगणकात जातच नसल्यामुळे रेकॉर्डिंग शून्य. दुसरं आत बसवायचं कार्ड. त्याने रेकॉर्डिंग व्हायचं, पण त्याची कटकट जास्त. कार्डातून आवाजाची एक छोटी वायर साउंड कार्डाच्या लाइन इन भोकात घालावी लागायची. ती राहिली की अख्खा कार्यक्रम मुका!

३७ जीबीचं काय झालं मग? तिथे चित्र आवळण्याची युक्ती आली. मुलांना ती अशी सांगते. फळ्यासमोर बाई उभ्या आहेत आणि हात हलवून शिकवताहेत. पुढच्या चित्रात फळा तोच, भिंत तीच, खिडकी तीच. फक्त हात थोडा सरकला. मग सगळं पुन्हा कशाला लिहायचं? 'बाकी सगळं मागच्यासारखंच, हात एवढा सरकला' एवढंच लिहायचं. एमपेग नावाच्या पद्धती मुख्यतः याच तत्त्वावर चालतात. व्हीसीडीच्या दर्जाला आवळलं तर ६५० एमबीच्या एका सीडीवर सव्वा तास मावायचा. चित्र थोडं धुरकट, पण फळ्यावरचं मोठं अक्षर वाचता यायचं.

हे आवळणं त्याच क्षणी करावं लागे, कारण टीव्ही थांबत नाही. साध्या संगणकाची त्यात दमछाक व्हायची. मधली चित्रं गळायची, ओठ आणि आवाज यांची फारकत व्हायची. महागड्या कार्डांत या कामासाठी वेगळी चिप असायची, ती आपल्या खिशाबाहेर.

वेळ लावून रेकॉर्डिंग करायची सोयही होती. अमेरिकेत १९९९ मध्ये टिवो नावाचा डबा आला. हार्ड डिस्कवर आपोआप रेकॉर्ड करणारा आणि चालू कार्यक्रम थांबवू देणारा. तेच काम संगणकाकडून करून घेणारे प्रोग्रामही आले. त्यासाठी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली, आणि लिनक्सवाल्यांचं फुकटातलं मिथटीव्हीही त्याच वर्षीचं. पण हे सगळं वीज अखंड आहे असं धरून चालतं. आपल्याकडे त्या वर्षांत लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं असायचं. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की नुसता पुढचा भाग जायचा असं नाही. काही प्रकारच्या फायलींत सूची शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आधीच संगणक बंद पडला तर आधीचा वीस मिनिटांचा भागही उघडायचा नाही.

मग कार्डं गेली कुठे? ती बिघडली नाहीत, त्यांना ऐकू येणारी भाषाच बंद झाली. ३१ मार्च २०१३ ही पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये केबल डिजिटल करण्याची मुदत होती. पुढच्या टप्प्यांत २०१७ पर्यंत गावागावांची पाळी आली. दूरदर्शननेही जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले, २०२२ पर्यंत बहुतेक गेले. कार्ड जागेवर, संगणक जागेवर, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

श्रुतलेखन आणि फळ्यावरून उतरवणं

डिजिटल म्हणजे नेमकं काय बदललं, हे नीट कळलं तर पुढचं सगळं सोपं आहे. जुन्या पद्धतीत लहरी यायच्या आणि आपलं कार्ड त्या ऐकून आकडे लिहायचं. हे श्रुतलेखन झालं. सांगणाऱ्याचा आवाज खरखरला की लिहिणारा चुकणार, आणि लिहिणारा मंद असला की शब्द गळणार. डिजिटल पद्धतीत वाहिनीच आकडे तयार करून, आवळून पाठवते. आपल्या यंत्राला ते फक्त फळ्यावरून वहीत उतरवून घ्यायचे असतात. म्हणून वीस वर्षांपूर्वी जड संगणकाला जमत नव्हतं ते काम आज छत्रीच्या साध्या बॉक्सला लावलेला पेनड्राइव्ह करतो.

एक फरक मात्र मोठा आहे. आकडे कुलूप लावून पाठवता येतात. पैसे भरून घेतलेल्या डिशचा किंवा केबलचा बॉक्स ते कुलूप उघडून टीव्हीला चित्र देतो. त्यातल्या काही बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असते, टाटा स्काय प्लस २००८ मध्येच आला होता. पण ते रेकॉर्डिंग त्याच बॉक्सपुरतं राहतं, पेनड्राइव्हवर घेऊन शेजारच्या मुलाला देता येत नाही. मोबाईलच्या ॲपचंही तसंच. 'डाउनलोड' म्हणून जे दिसतं ते ॲपच्या आतच राहतं, आणि मुदत संपली की जातं. यंत्रं सुधारत गेली, पण साठवलेल्या वस्तूवरचा आपला हक्क कमी होत गेला. मला स्वतःला ही गोष्ट खटकते. शाळेच्या कपाटातलं पुस्तक दहा वर्षांनीही उघडतं.

म्हणूनच डीडी फ्री डिशकडे शिक्षकांनी जरा लक्ष द्यावं. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचे पैसे नाहीत, आणि सह्याद्रीसारख्या दूरदर्शनच्या वाहिन्या मला तिच्यावर बिनकुलपाच्या मिळाल्या.

प्रत्यक्ष काय करता येतं

त्या वर्षी आम्ही केलं ते असं. यूएसबीचं भोक आणि रेकॉर्डिंगची सोय असलेला फ्री डिशचा बॉक्स घेतला. सगळ्या बॉक्सना ती सोय नसते, घेताना दुकानातच पेनड्राइव्ह लावून बघा. रिमोटवरचं रेकॉर्डचं बटण दाबलं की फाइल तयार होते, बहुधा टीएस प्रकारची. सेकंदाला ३० लाख बिट धरले तर अर्ध्या तासाची फाइल ६७५ एमबी होते. वरच्या ३७ जीबीशी ताडून बघा, आवळण्याची ताकद लक्षात येते. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर चाळीस-पंचेचाळीस पाठ मावतात.

सकाळी बटण दाबून दुपारी बंद करण्याचा आळस करू नये. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने तयार केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. मग एकतर रेकॉर्डिंग थांबतं किंवा भलत्याच ठिकाणी तुकडा पडतो. एका पाठाची एक फाइल, हेच बरं.

लॅपटॉपवर ही फाइल व्हीएलसीमध्ये चालते. मोबाईलवर द्यायची तर हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने एमपी४ करून घ्यायची, दीड-दोनशे एमबीत चांगलं चित्र राहतं. पालकांचे पेनड्राइव्ह आम्ही दर शनिवारी घेऊन भरून परत करायचो. ज्यांच्या टीव्हीला यूएसबी आहे त्यांनी टीव्हीवरच पाहिलं. ज्या वस्तीवर घरोघरी टीव्ही नव्हते, तिथे मंदिराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून चार-चार मुलांना दाखवला. आणि तिथेच मला रेकॉर्डिंगचा खरा उपयोग दिसला. हातच्याची वजाबाकी चालू असताना पाठ थांबवायचा, मुलांना पाटीवर करू द्यायचं, मग पुढे न्यायचं. सलग बघताना माना डोलावणारी मुलं थांबवल्यावर म्हणत होती, "बाई, हे नाही कळलं." पंचवीस मिनिटांचा पाठ तिथे सव्वा तास चालायचा.

बॉक्सला यूएसबी नसेल तर दुसरी वाट आहे. बॉक्समागे पिवळी-लाल-पांढरी अशी एव्हीची तीन भोकं असतील, तर त्यांना यूएसबी कॅप्चरची कांडी लावून चित्र लॅपटॉपमध्ये घेता येतं आणि ओबीएस या मोफत प्रोग्रामने रेकॉर्ड करता येतं. हे पुन्हा श्रुतलेखनच, त्यामुळे दर्जा थोडा उतरतो आणि लॅपटॉप तेवढा वेळ अडकतो. एचडीएमआयच्या वायरीतून घ्यायला गेलात तर पुष्कळदा काळा पडदा दिसेल. ते कुलूप आहे, बिघाड समजून कांडी परत करायला जाऊ नका.

कायद्याचंही सांगते, कारण पालकसभेत हा प्रश्न येतोच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ३९ नुसार प्रसारणाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापनासाठी केलं, तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही. मूळ कार्यक्रम ज्यांनी तयार केला त्यांचा हक्क त्याहून वेगळा असतो. म्हणून वर्गासाठी वापर करा, पण तोच पाठ स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर चढवणं किंवा पेनड्राइव्ह भरून विकणं हे त्यात बसत नाही. रेकॉर्डिंगमधला वाहिनीचा शिक्का आणि निर्मात्यांची नावं कापू नका.

आणि शाळेच्या अडगळीत एखादं जुनं ट्यूनर कार्ड पडलं असेल तर भंगारात देऊ नका. टीव्ही पकडण्याचं त्याचं काम संपलं, पण बहुतेक कार्डांना एव्हीचंही भोक असतं आणि ते अजून चालतं. पीसीआयची जागा असलेला जुना संगणक मिळाला, तर बीटी८७८ ची कार्डं आजच्या लिनक्सवरही ओळखली जातात. कपाटात स्नेहसंमेलनाच्या, निरोप समारंभाच्या व्हीएचएस कॅसेट असतील, तर गावात कोणाकडे चालू व्हीसीआर आहे का ते विचारा आणि या सुट्टीत त्या उतरवून घ्या. आपल्या भागातल्या पावसाळी दमटपणाने टेपला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसत असतील तर ती कॅसेट तशीच लावू नका, आधी साफ करून घ्या. नाहीतर व्हीसीआरचं हेडही खराब होतं.